बांध नसलेलं शिवार

लॅक्स्टनला मी पहिल्यांदा गेले ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थंडी हाडात शिरणारी होती आणि दुपारी चारलाच अंधार पडणार होता. नॉटिंगहॅममध्ये राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण वीस-बावीस मैलांवरचं हे गाव कधी वाटेवर आलं नव्हतं. मुद्दाम गेल्याशिवाय तिथं कोणी पोचत नाही.

गाडीच्या खिडकीतून दिसणारं इंग्लंड हे कुंपणांचं इंग्लंड आहे. प्रत्येक शेताला काटेरी झुडपांची दाट वई, मध्ये एक लाकडी फाटक, आत मेंढ्या नाहीतर गहू. मैलोन्‌मैल तेच. मला आधी वाटायचं, हा देश पहिल्यापासून असाच असणार. लॅक्स्टनच्या वेशीबाहेर गाडी लावली, चढावरची पांदण ओलांडून वर आले, आणि नजर अडेचना. समोर अख्खं शिवार मोकळं पडलेलं. कुंपण नाही, वई नाही, बांधसुद्धा नाही. नुकताच उगवलेला गव्हाचा पोपटी पोत उतारावरून खाली गेलेला, आणि त्यात नीट पाहिलं तर लांबट पट्ट्या. एका पट्टीतले तास, म्हणजे नांगरट-पेरणीच्या ओळी, जरा इकडे कललेले, शेजारचे जरा तिकडे. दोघांनी वेगळ्या दिवशी, वेगळ्या यंत्रानं पेरलेलं आहे एवढंच त्यातून कळत होतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये टोकाला एक लाकडी खुंटी ठोकलेली होती. नवीन होती. ठोकताना वरचं टोक चेचलं होतं, ते अजून पांढरं दिसत होतं.

त्या खुंटीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. आमचं गाव माण तालुक्यातलं. आमच्या घरात बांधावरून काय झालं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. म्हणून एवढी एक खुंटी पुरते, हे मला पटेना.

लॅक्स्टनची जमीन लाल-तपकिरी, जड, चिकण मातीची. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात दगडासारखी होते. आपल्याकडे ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे औत घालण्याजोगी बेताची ओल, तो या मातीत वर्षातून मोजकेच दिवस मिळतो. ते दिवस साधले तर पीक, नाहीतर वर्ष गेलं. त्यामुळे नांगरट सगळ्यांची एकाच वेळी निघायची, औतं एकमेकांच्या शेजारून चालायची. गाव एका उंचवट्याच्या अंगाखांद्यावर वसलेलं आहे. मुख्य रस्ता, एक चर्च, ‘डव्हकोट इन’ नावाची खाणावळवजा दारूची जागा, आणि विटांची जुनी शेतघरं. ही घरं रस्त्याकडे तोंड करून नाहीत, रस्त्याला कूस देऊन उभी आहेत. आत अंगण, अंगणाभोवती गोठा आणि धान्याची कोठारं. इंग्लंडात इतरत्र शेतकऱ्याचं घर त्याच्या शेतात, एकटं, दूर टेकाडावर दिसतं. इथं सगळे शेतकरी गावातच राहतात. कारण साधं आहे. शेत एका जागी नसेल तर घर कोणत्या तुकड्यात बांधणार? आपल्या गावांची ठेवण अशीच असते. घरं गावठाणात एकमेकांना चिकटून, आणि शिवार चहूबाजूंनी. इंग्लंडातल्या गावात मला पहिल्यांदा आपण गावात आलो असं वाटलं ते इथं.

शिवाराचे तीन मोठे भाग आहेत. साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड. या प्रत्येक भागात प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या विखुरलेल्या. ज्या वर्षी साउथ फील्डमध्ये हिवाळी गहू असेल, त्या वर्षी तिथं सगळ्यांचाच गहू. दुसऱ्या भागात वसंतात पेरायचं पीक, बार्ली किंवा घेवड्यासारखं काही. तिसरा भाग पड. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे सरकतं. आता पड ठेवलेल्या भागात गवत-चारा घेतात, पण फेरा तोच आहे. मध्ययुगात मध्य इंग्लंडची बहुतेक गावं अशीच शेती करत. आज असं खुलं शिवार इंग्लंडात बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी उरलं आहे. डेव्हनमध्ये ब्रॉन्टन, लिंकनशरमध्ये ॲक्सहोमचा भाग, अशी दोन-तीन नावं घेता येतात. पण तीन भागांचा फेरा, गावची शेतीसभा आणि पट्ट्या हे सगळं एकत्र, चालू स्थितीत, लॅक्स्टनलाच.

पट्ट्या विखुरलेल्या का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. चांगली जमीन एकाच्या आणि चिबड जमीन दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये म्हणून, हे एक कारण सांगतात. एका बाजूचं पीक गेलं तरी दुसऱ्या बाजूचं हाती लागावं, हे दुसरं. मला हे समजायला पुस्तकाची गरज पडली नाही. आमच्या आजोबांची जमीन पाच ठिकाणी होती. एक तुकडा माळाला, एक विहिरीजवळ, एक ओढ्याकाठी. ज्या वर्षी पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी ओढ्याकाठचा तुकडा घर जगवायचा, आणि ज्या वर्षी ओढ्याला पूर यायचा त्या वर्षी माळावरची बाजरी.

पट्टीची लांबी ठरवली ती बैलांनी. जड मातीत लाकडी नांगर ओढायला चार जोड्या लागत. (आपल्या काळ्या रानातही आठबैली नांगर होताच.) एवढा लांबलचक ताफा पुन्हा पुन्हा वळवणं जिवावर येतं, म्हणून तास जितका लांब काढता येईल तितका काढायचा. बैल एका दमात ओढतील तेवढी लांबी म्हणजे फर्लांग, २२० यार्ड. शब्दाचा अर्थच मुळी ‘तासाची लांबी’. फर्लांगभर लांब आणि २२ यार्ड रुंद एवढी पट्टी म्हणजे एक एकर, औताची साधारण एका दिवसाची नांगरट. ‘तीन एकर रान आहे’ असं आपण सहज म्हणतो. बिघा आणि चाहूर मागं पडून हा एकर आपल्याकडे इंग्रजांच्या मोजणीबरोबर आला, आणि तो मुळात अशाच कुठल्या तरी चिकण मातीतल्या बैलांच्या दमावर बेतलेला होता, हे मला लॅक्स्टनला जाईपर्यंत माहीत नव्हतं. जुन्या पट्ट्या सरळही नसत. शेवटाला पोचण्याआधीच बैल डावीकडे वळवायला घ्यावे लागत, त्यामुळे शतकानुशतकं नांगरून पट्टीला उलट्या ‘एस’ अक्षरासारखा बाक यायचा. त्या परिसरातल्या काही जुन्या गवताळ रानांत संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की असे उंचसखल पट्टे अजून दिसतात. जमिनीवर उमटलेली बैलांची चालच ती.

डव्हकोट इनच्या आवारात एक छोटं माहितीकेंद्र आहे. तिथं मी एका नकाशाची प्रत पाहिली आणि दुपार तिथंच संपली.

हा नकाशा १६३५ सालचा. मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदारानं चामड्याच्या नऊ तावांवर काढलेला. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात गावातलं घर न्‌ घर आहे, शिवारातली पट्टी न्‌ पट्टी आहे, आणि सोबतच्या वहीत प्रत्येक पट्टी कुणाची ते लिहिलेलं आहे. दोन हजारांहून जास्त पट्ट्या! आणि पीअर्स नुसता मोजणीदार नव्हता. त्यानं शेतांत माणसं काढली आहेत. कोणी नांगरतोय, कोणी कापणी करतोय, कुठं शिकार चालली आहे. इवलीशी, रंगवलेली माणसं. एखाद्या सरकारी मोजणीच्या कागदावर कारकुनानं मोट हाकणारा गडी काढावा तसं. पट्ट्यांच्या त्या जाळ्यात माणूस दिसला नाही तर नकाशा अपुरा राहील असं पीअर्सला वाटलं असणार. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

नकाशा काढून घेणारा मालक होता सर विल्यम कोर्टन, लंडनचा बडा व्यापारी. हे नाव कुठं तरी ऐकल्यासारखं वाटत राहिलं आणि घरी आल्यावर उलगडा झाला. त्याच १६३५ साली कोर्टनच्या मंडळींनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून राजा चार्ल्सकडून हिंदुस्थानच्या व्यापाराचा परवाना मिळवला होता. १६३६च्या एप्रिलमध्ये त्यांची जहाजं कॅप्टन वेडेलच्या हाताखाली निघाली आणि ऑक्टोबरात गोव्याला पोचली. पुढे त्यांनी कारवारला वखार घातली. कोर्टन स्वतः हे काही बघायला उरला नाही. जहाजं वाटेत असतानाच, १६३६मध्ये तो वारला. पण विचार करा, एकाच वर्षी एकाच माणसाच्या मेजावर लॅक्स्टनच्या दोन हजार पट्ट्यांचा नकाशा आणि कोकण किनाऱ्याकडे निघणाऱ्या जहाजांचे हिशेब. आमच्या मुलखात तेव्हा १६३०चा भयंकर दुष्काळ नुकताच सरला होता, निजामशाही शेवटचे आचके देत होती आणि शिवराय पाच वर्षांचे होते. मी शाळेत शिकलेला इतिहास आणि समोरची ही गव्हाची पट्टी यांच्यात एवढं कमी अंतर असेल असं वाटलं नव्हतं.

गाव त्याहून कितीतरी जुनं. १०८६ साली विल्यम राजानं सगळ्या इंग्लंडची जमीन लिहून काढली त्या डोम्सडे दप्तरात लॅक्स्टन आहे. नॉर्मन येण्याआधी ते टोकी नावाच्या माणसाकडे होतं, मग जेफ्री ॲल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे गेलं. टोकी हे नाव डेन्मार्ककडचं. म्हणजे त्याआधीही कोणी तरी कोणाची तरी जमीन घेतलेली होतीच. गावाच्या उत्तरेला नॉर्मन गढीचा मातीचा उंच ढिगारा आहे. वर पोचलं की त्याच्या माथ्यावर आणखी एक लहान ढिगारा. शेरवुडच्या राखीव जंगलाचे वंशपरंपरागत रखवालदार इथं राहत, आधी द को घराणं, मग एव्हरिंगहॅम. चर्चमध्ये एव्हरिंगहॅमांच्या दगडी मूर्ती झोपलेल्या आहेत आणि त्यांच्यात एका बाईची मूर्ती लाकडाची आहे. चेहरा झिजून गेलाय. लाकूड असल्यामुळे ती इतरांपेक्षा जास्त म्हातारी वाटते. गावाच्या हद्दीत, जरा बाजूला, ज्यूंच्या संहाराचं स्मारक-संग्रहालयही आहे, १९९५ साली सुरू झालेलं. ते वेगळंच ओझं आहे, त्या दिवशी मी तिकडे गेले नाही.

मग बाकीच्या इंग्लंडातली खुली शिवारं गेली कुठं? ती कायद्यानं गेली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेनं ५,२००हून अधिक कुंपणबंदीचे कायदे केले आणि ६८ लाख एकर जमीन, इंग्लंडचा साधारण पाचवा हिस्सा, त्यांखाली आली. गावोगाव पट्ट्या मोडल्या, सलग चौकोन पाडले, गायरानं वाटून टाकली आणि भोवती काटेरी झुडपं लावली. ज्यांच्याकडे मोठी जमीन होती त्यांचं उत्पन्न वाढलं. ज्याच्याकडे एक गाय होती आणि ती गायरानात चरायची, त्याच्याकडे गायही राहिली नाही. मी इतकी वर्षं ज्या कुंपणांना इंग्लंडचं रूप समजत होते, त्यातली कित्येक या वाटणीची वळं आहेत.

लॅक्स्टन वाचलं ते शहाणपणानं नव्हे. गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारब्रो, आणि वाटणी कशी करायची यावर त्यांचं जमलं नाही. पुढे १८७०नंतर शेतीला मंदी आली, कुंपणं घालण्याचा खर्च परवडेना, आणि ते राहून गेलं. दोन वतनदारांच्या भाऊबंदकीनं गावाचं भलं केलं असं एरवी कधी होत नाही. आणि गाव जसंच्या तसं राहिलं असंही नाही. काही जमिनीला आधीच कुंपणं पडली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्सच्या माणसांनी लहान पट्ट्या जोडून मोठ्या केल्या. आज ट्रॅक्टर फिरतील एवढ्या रुंद आहेत, आणि १६३५च्या मानानं संख्येनं फारच थोड्या.

१९५२ साली मॅन्व्हर्स घराण्याला ही मालमत्ता विकायची होती. तेव्हा ब्रिटिश सरकारच्या शेतीखात्यानं ती विकत घेतली, ही शेतपद्धत टिकावी म्हणून. १९८१मध्ये ती राजघराण्याच्या मिळकती सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली, आणि २०२० साली थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्सांच्याच जुन्या जहागिरीकडे परत आली.

१९५२ हे साल वाचून मी थबकले, कारण त्याच्या पाचच वर्षं आधी, १९४७ साली, मुंबई सरकारनं तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा केला होता. शेताचे लहान तुकडे पाडायला बंदी, आणि विखुरलेले तुकडे एकत्र करायचे. या कायद्याच्या मागंही एक इंग्रज माणूस उभा आहे. हॅरोल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव घराघरातून आणि शेताशेतातून तपासलं आणि १९१७ साली ते छापलं. १७७१मध्ये तिथं सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१५च्या सुमारास ते ७ एकरांवर आलं होतं. १५६ खातेदार आणि सातशेहून जास्त तुकडे, त्यातले बरेचसे एकराच्याही आतले. मान यांच्या आकड्यांनी तुकड्यांचा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणला. पिंपळे सौदागरात आज इमारतीच इमारती आहेत, आणि एकर सोडा, तिथं चौरस फुटाचा भाव विचारतात.

म्हणजे इकडे सरकार पट्ट्या जपण्यासाठी पैसे मोजत होतं आणि तिकडे सरकार पट्ट्या बुजवण्यासाठी कायदा करत होतं. मला यात कोणाला शहाणं आणि कोणाला वेडं ठरवायचं नाही. दोन्हीकडचे तुकडे वरून सारखे दिसले तरी एक नव्हेत. लॅक्स्टनची जमीन जमीनदाराची, शेतकरी कूळ. मध्ययुगात तर तो मालकाला बांधलेला वेठीचा माणूस होता, मालकाच्या रानात राबल्याशिवाय त्याला स्वतःच्या पट्टीवर जाता येत नसे. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आमच्याकडचे तुकडे वारसाहक्कानं पडलेले. बाप गेला, चार भाऊ, प्रत्येक तुकड्याचे चार भाग. आणि प्रत्येकजण आपल्या भागाचा पूर्ण धनी. कोण काय पेरतो, कधी पेरतो, शेजाऱ्याच्या पिकावरून औत नेतो का, याचं गावाला काही देणंघेणं नाही. लॅक्स्टनमध्ये मात्र सगळ्यांना एकच फेरा पाळायचा. तिथं शेजारी नीट वागला नाही तर आपली शेतीच होत नाही.

आणि म्हणूनच ती खुंटी.

दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला लॅक्स्टनमध्ये ज्युरीचा दिवस असतो. गावचे शेतकरीच ज्युरी. बाराजण आणि त्यांचा एक म्होरक्या. ते ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून त्या वर्षी गहू पेरलेल्या भागात जातात आणि पट्ट्यांच्या कडेनं चालतात. कोणी शेजाऱ्याच्या पट्टीत तास सरकवलाय का, कोणी सामाईक वाट नांगरलीय का, कोणी कडेच्या गवतात घुसलाय का, ते डोळ्यांनी बघतात. आपल्याकडे यालाच बांध कोरणं म्हणतात. जिथं खूण पुसट झाली असेल तिथं मोजून नवी खुंटी ठोकतात. मग दुपारी डव्हकोटमध्ये सगळे मिळून जेवतात. आठवड्याभरानं तिथंच गावची सभा भरते, तिला कोर्ट लीट म्हणतात. मालकाचा कारभारी बसतो, ज्युरी आपलं म्हणणं मांडते, ज्यानं तास सरकवला त्याला दंड होतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. कोंडवाड्याचा रखवालदारसुद्धा नेमतात. मोकाट जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर ते कोंडायचं, हे त्याचं काम. गावात कोंडवाडा अजून उभा आहे. १९७७ साली ब्रिटिश संसदेनं अशा जुन्या गावकोर्टांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, पण त्या कायद्यात लॅक्स्टनला नाव घेऊन मुद्दाम सूट दिली. म्हणजे ही हौशी मंडळींची जत्रा नव्हे. इथं झालेला दंड खराच असतो.

मी पाहिलेली खुंटी त्या आधीच्याच आठवड्यात ठोकलेली होती.

आता आमच्या घरातलं सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या, त्यांचे धाकटे भाऊ, यांच्यात ओढ्याकाठच्या रानावरून बिनसलं. एकत्रीकरणात आमचे तुकडे जुळून गट पडले होते, त्यात दोघांना लागून रान आलं. मधला बांध चांगला हातभर रुंद, त्यावर एक लिंब आणि दोन बोरी. बांध खालपर्यंत उतरायचा, आणि ओढ्याला लागून एक पट्टा होता तो कोणीच नांगरायचं नाही. पावसात वरच्या रानाचं पाणी तिथून ओढ्याला जायचं, आणि एरवी तिथं गवत माजायचं. दोन्ही घरच्या म्हशी त्याच्यावर. आजोबा होते तोवर तसंच चाललं.

आजोबा गेले. मग एका वर्षी एका बाजूनं दोन तास वाढले. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूनं. पहिलं कोणी सरकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. आईला विचारलं तर ती तात्यांचं नाव घ्यायची, आणि काकू अण्णांचं. पाच-सहा वर्षांत तो गवताचा पट्टा दोन्हीकडून नांगरला गेला आणि बांध उरला वितभर. लिंब उन्मळून पडला. पाणी जायला वाट राहिली नाही, ते आमच्या ज्वारीतून वाहायला लागलं आणि माती घेऊन जायला लागलं. मोजणी आणली, हद्दीचे दगड बसवले, दगड एका रात्रीत नाहीसे झाले. केस झाली. अण्णा अठरा वर्षं तारखांना जात राहिले. एसटीच्या पहाटेच्या गाडीनं जायचे आणि रात्री पुढची तारीख घेऊन यायचे. दोन्ही घरं समोरासमोर, मधे फक्त बोळ, पण माझ्या लग्नाला तात्या आले नाहीत. अण्णांच्या तिरडीला मात्र ते आले, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसून राहिले.

मला राहून राहून वाटतं, गावातल्या बारा माणसांनी दर वर्षी पेरणीनंतर एकदा, फक्त एकदा, त्या बांधावरून चालत जायला हवं होतं. दोन तास सरकले होते तेव्हाच कोणी तरी म्हणायला हवं होतं, अरे, हे काय केलंस. दोन तास परत देणं दोघांनाही जड नव्हतं. अठरा वर्षांनी परत द्यायला काही शिल्लकच नव्हतं.

जूनच्या शेवटी मी पुन्हा लॅक्स्टनला गेले. गहू कंबरेएवढा झाला होता आणि पट्ट्या दिसेनाशा झाल्या होत्या. नजर जाईल तिथवर एकसलग हिरवं पिवळं. पण त्यात मधूनच, सखल भागात, गवताच्या लांब जिभा शिरलेल्या होत्या. त्यांना तिथं ‘साइक’ म्हणतात. जिथं पाणी वाहतं, जमीन चिबड असते किंवा उतार औताला झेपत नाही, ती जागा कोणीच नांगरायची नाही, असं पूर्वापार ठरलेलं. ती गावाची. त्या दिवसांत तिथल्या गवताचा लिलाव होतो आणि मग ते कापून वाळवतात. शेकडो वर्षं नांगर न लागल्यामुळे इतरत्र दुर्मिळ झालेली रानफुलं या पट्ट्यांत टिकून आहेत, आणि आता कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. मी गेले तेव्हा गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि त्यात पिवळी, जांभळी फुलं होती. खाली हात घातला तर माती ओली लागली, भर जूनमध्ये.

त्या रात्री मी दादाला फोन केला. दादा म्हणजे तात्यांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अण्णा गेल्यावर केस दोघांनी मिळून काढून घेतली, तेव्हापासून आम्ही बोलतो. दोन्ही रानं आता तोच बघतो. मी त्याला लॅक्स्टन सांगायला लागले. तीन भाग, पट्ट्या, मध्ये बांध नाही, नुसती खुंटी. तो ऐकत होता. मला वाटलं, आता हा ज्युरीबद्दल विचारेल, दंडाबद्दल विचारेल.

तो म्हणाला, “मग वरल्या रानाचं पाणी कुठनं जातंय गं?”

मी त्याला साइकचं सांगितलं. मधे मधे गवताचे पट्टे सोडलेत, तिथून पाणी खाली जातं, ते कोणी नांगरत नाही, गवताचा लिलाव होतो. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणाले.

“हाय की,” तो म्हणाला. “ओढ्याकडंचा आपला पट्टा तसाच पडू द्यायला पायजे होता बघ. कुणीच औत घालायचं न्हाई.” मग थोडं थांबून त्यानं विचारलं, “तिथं गवताला काय भाव मिळतो?”

मला ठाऊक नव्हतं. पुढच्या जूनला लिलावाच्या दिवशी जाऊन विचारते आणि सांगते, असं मी त्याला म्हणाले.